कुठल्या वायरीने आलात, हे कुणी विचारू नये

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

विषय: नेट न्यूट्रॅलिटीचा (इंटरनेटवर कुठल्याही मजकुरात भेदभाव न करण्याचा) नियम कंटेंट पुरवणाऱ्या कंपन्यांनाही लावण्याबाबत

महोदय,

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला जुना केबलवाला. १९९३ साली वाड्याच्या गच्चीवर पहिली डिश बसवली तेव्हा चाळीस घरांत आमची वायर गेली होती. आता केबलचं काम नावापुरतं उरलंय. मुलगा फायबर टाकतो, सातशेएक घरांना इंटरनेट देतो. परवाना छोटा, क वर्गाचा. मी दुकानात बसतो, पावत्या करतो आणि तक्रारीचे फोन घेतो. "बाबा, तुमच्याशी बोलताना लोक कमी चिडतात," असं मुलाचं म्हणणं. ते खरं नाही, पण माझा वेळ जातो.

असाच एक फोन गेल्या उन्हाळ्यात आला. जवळच्या पोळातल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, एक काकू. क्रिकेटचा सामना सुरू होता आणि एका अ‍ॅपवर तो आमच्या वायफायवर दिसेना. सुनेच्या मोबाइलवर, मोबाइलच्याच डेटावर, तेच अ‍ॅप धडधडीत चालू. पोरगा पाठवला. त्याने राउटर बंद करून परत चालू केला (आमच्या धंद्यातली ती क्रोसिनची गोळी), फायबरचा पॉवर मोजला, स्पीड तपासला. सगळं ठीक. शेवटी पडद्याच्या तळाशी असलेली बारीक ओळ कुणीतरी वाचली. ही सेवा तुमच्या नेटवर्कवर उपलब्ध नाही, असा तिचा अर्थ होता. आम्ही काहीही अडवलं नव्हतं. समोरच्याने आमची वायर ओळखून दार लावून घेतलं होतं.

काकूंना हे समजवायला गेलो तर त्या म्हणाल्या, "अहो, नेट तुमचं ना? मग मी कुणाला विचारू?"

मी गप्प बसलो. नियमांत शोधलं, तिथेही उत्तर नाही. म्हणून आपल्याला लिहितोय.

आधी जे आपण केलंत त्याबद्दल. २०१५ च्या मार्चअखेर ट्रायने ओटीटी सेवांवर (इंटरनेटवरून चालणारे कॉल, मेसेज, व्हिडिओ) सल्लामसलतीचा कागद काढला आणि पुढच्या महिनाभरात दहा लाखांवर ई-मेल दिल्लीत जाऊन पडले. त्यातला एक माझा, मुलाने टाइप करून दिलेला. वातावरण तेव्हा तापलेलं होतं. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलला वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं होतं आणि ओरड झाल्यावर मागे घेतलं होतं. मग एअरटेल झिरो आलं, म्हणजे कंपनीने एअरटेलला पैसे भरले की तिची सेवा गिऱ्हाइकाला फुकट. ओरड झाल्यावर फ्लिपकार्ट त्यातून बाहेर पडलं. फेसबुकचं फ्री बेसिक्स रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या खांद्यावर बसून आलं. ठरावीक साइट फुकट, उरलेलं इंटरनेट विकत. ८ फेब्रुवारी २०१६ च्या नियमाने आपण तो प्रकार बंद केला. मजकूर पाहून डेटाचा दर बदलायचा नाही, बदलला तर दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाख. नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्या पुढच्या शिफारशी आल्या, जुलै २०१८ मध्ये दूरसंचार खात्याने त्या मान्य केल्या आणि परवान्यातच अट आली, की परवानाधारकाने मजकूर अडवायचा नाही, मंद करायचा नाही, कुणाला रांगेत पुढे घ्यायचं नाही.

मी हे पाळतो आणि राजीखुशीने पाळतो. माझ्या वायरीतून बातम्या जातात, भजनं जातात की कुणाच्या पोराचा गेम जातो, हे डोकावून बघायचा मला हक्क नाही. तो नसावाच. वायरवाल्याने समोरच्या दुकानाचं नाव विचारू नये, असा हा नियम आहे. पण दुकानाने वायरवाल्याचं नाव विचारलं तर? त्यावर नियमात एक अक्षर नाही.

विचारणं सोपं असतं, हे आपल्या तांत्रिक विभागाला सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील. घरातून निघणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पुडक्यावर, म्हणजे पॅकेटवर, पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. पत्त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे कंपन्यांच्या नावावर नोंदलेले आहेत आणि ती नोंद जगजाहीर आहे. तेव्हा काकूंनी अ‍ॅप उघडताक्षणी पलीकडच्या सर्व्हरला कळतं की या बाई कुणाच्या वायरीने आल्या. तिथून पुढे एका ओळीचा प्रोग्राम पुरतो. या वायरीचे असतील तर आत घ्या, त्या वायरीचे असतील तर हात जोडा. किंवा चित्र जरा धुरकट द्या. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण बारीक ओळसुद्धा पडद्यावर येत नाही आणि शिव्या आम्हाला बसतात.

हे नाटक मी एकदा पाहिलेलं आहे. केबलच्या भरात रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला दुसरा केबलवाला होता, वरचा वितरकही वेगळा. एका क्रीडा वाहिनीने त्यांच्या बाजूला सिग्नल दिला, आमच्या बाजूला दिला नाही. कारण विचारलं तर फोन उचलेनात. मालिका दोन दिवसांवर आलेली. आणि गाव बडोदं! याच गावात १९४६-४७ च्या रणजीच्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाला फोडून चौथ्या विकेटसाठी ५७७ धावा जोडल्या. तो सामना मैदानात बसून पाहणाऱ्यांची मुलं-नातवंडं माझी गिऱ्हाइकं. त्यांना मी काय सांगणार होतो? लोकांनी माझी वाट पाहिलीच नाही. पलीकडच्या ओळखीच्या घरातून त्यांनी थेट वायरी ओढल्या. एका रात्रीत रस्त्यावर सात काळ्या वायरी लोंबायला लागल्या आणि गणपतीत त्यांच्याखालून मूर्ती नेताना दोन माणसं काठ्या घेऊन पुढे चालत होती.

त्या वायरी उतरल्या त्या आपल्याच संस्थेमुळे. जानेवारी २००४ मध्ये केंद्र सरकारने प्रसारण आणि केबल ट्रायच्या कक्षेत आणलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपला आंतरजोडणीचा नियम आला. वाहिनीवाल्याने मागेल त्या वितरकाला समान अटींवर सिग्नल द्यायचा. धंद्यात आम्ही त्याला 'मस्ट प्रोव्हाइड' म्हणतो. पुढे वितरकावरही उलट बाजूचं बंधन आलं, जागा असेल तर वाहिनी घ्यायची. ते 'मस्ट कॅरी'. २०१७ च्या नियमांत दोन्ही शेजारी-शेजारी बसलेली आहेत. शिवाय २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल प्रसार भारतीला देणंही सक्तीचं झालं, मग हक्क कुणीही कितीही कोटींना घेतलेले असोत. म्हणजे कंटेंटवाल्याला नियम लावायची कल्पना या देशाला नवी नाही. टीव्हीच्या वायरीत ती वीस वर्षं चालू आहे. तोच सामना तीच कंपनी इंटरनेटच्या वायरीतून दाखवायला लागली, की बंधन मात्र गळून पडतं. असं का, याचं सरळ उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

अमेरिकेत हे सगळं आपल्याआधी होऊन गेलं. तिथल्या ईएसपीएनने आपली इंटरनेटवरची क्रीडा सेवा ग्राहकाला न विकता त्याच्या इंटरनेट कंपनीला विकली. कंपनीने पैसे भरले तर तिच्या सगळ्या ग्राहकांना ती दिसणार, नाही भरले तर कुणालाच नाही. छोट्या केबलवाल्यांनी बोंब मारली, त्यांचं कुणी ऐकलं नाही. २०१० च्या ऑक्टोबरात फॉक्स ही वाहिनीवाली कंपनी आणि केबलव्हिजन ही केबल कंपनी यांचं टीव्ही वाहिन्यांच्या पैशांवरून वाजलं, तेव्हा केबलव्हिजनचं इंटरनेट घेतलेल्या लोकांना हुलू या व्हिडिओच्या साइटवर फॉक्सचे कार्यक्रम काही काळ दिसेनासे झाले. भांडण टीव्हीचं, शिक्षा इंटरनेटच्या गिऱ्हाइकाला. २०१३ च्या ऑगस्टमध्ये सीबीएस या वाहिनीने टाइम वॉर्नर केबलच्या इंटरनेट ग्राहकांना आपल्या साइटवरचे पूर्ण कार्यक्रम बंद केले. तेही तसंच भांडण.

मला सगळ्यात बोलकी वाटते ती नेटफ्लिक्सची गोष्ट. नेट न्यूट्रॅलिटीच्या लढाईत अमेरिकेत ही कंपनी पहिल्या फळीत होती. इंटरनेट कंपन्या आमचा व्हिडिओ मंद करतात, अशी तिची तक्रार असायची. मार्च २०१६ मध्ये उघड झालं, की एटी अँड टी आणि व्हेरायझनच्या मोबाइल ग्राहकांना नेटफ्लिक्स स्वतःच, पाच वर्षांहून जास्त काळ, ६०० केबीपीएस वेगाच्या वर व्हिडिओ देत नव्हती. टी-मोबाइल आणि स्प्रिंटच्या ग्राहकांना ही मर्यादा नव्हती. खुलासा असा, की पहिल्या दोन कंपन्या डेटा संपला की जादा पैसे लावतात, तेव्हा ग्राहकाचं बिल वाचावं म्हणून आम्ही हे केलं. हेतू चांगला असेलही. पण ग्राहकाला सांगितलं नव्हतं. आणि त्या वेळचे तिथले नियामक प्रमुख काय म्हणाले? की हे आमच्या नियमांच्या बाहेरचं आहे. त्यांचा २०१५ चा नियम फक्त इंटरनेट देणाऱ्यांवर होता. तो नियम पुढे २०१७ मध्ये काढला, २०२४ मध्ये परत आणला आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने पुन्हा रद्द केला, तो भाग वेगळा. आपला नियम अजून जागेवर आहे याचं मला बरं वाटतं. भोक मात्र त्याच ठिकाणी आहे.

आपल्याकडे काय आहे तेही सांगतो. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालं आणि त्यांचं टीव्हीचं अ‍ॅप जिओच्या ग्राहकांसाठीच राहिलं. जिओसिनेमाही आधी जिओच्या नंबरवाल्यांनाच उघडायचं. २०२२ चा फुटबॉल विश्वचषक आणि २०२३ ची आयपीएल त्यांनी सगळ्या नेटवर्कांवर, तीही फुकट, दाखवली. त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. त्या दोन महिन्यांत आमच्या दुकानात फोन आले ते फक्त बँडविड्थ कमी पडली म्हणून, आणि ती चूक आमची होती. पण लक्षात घ्या, दार उघडलं ते कंपनीच्या मर्जीने. उद्या मर्जी फिरली तर लावूनही घेता येईल. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार झालं. आता देशातली सर्वात मोठी मोबाइल कंपनी आणि क्रिकेट दाखवणारं सर्वात मोठं अ‍ॅप एकाच उद्योगघराच्या छताखाली आहेत. त्याच मार्चमध्ये जिओच्या २९९ रुपयांवरच्या रिचार्जवर ते अ‍ॅप नव्वद दिवस फुकट मिळत होतं. यात नियमभंग होता असं मी म्हणत नाही. दुसऱ्या नेटवर्कवरचा माणूस पैसे भरून तेच पाहू शकत होता. साबणावर डबा फुकट देण्यासारखी ती योजना, आणि तसल्या योजना एअरटेलही देतं, व्हीआयही देतं. माझं म्हणणं डब्याबद्दल नाहीच. साबण कुठल्या दुकानातून घेतला हे पाहून डब्याचं झाकण उघडायचं की नाही हे ठरायला लागलं, तर काय करायचं?

आता माझ्याविरुद्ध बोलतो, कारण आपल्या सुनावणीत ते कुणीतरी बोलणारच. वाहकावर जे बंधन असतं ते वाहक म्हणून असतं. १८९० च्या रेल्वे कायद्यात रेल्वेने मालवाहतुकीत पक्षपात करू नये असं कलम होतं, पण डभोईहून कापूस पाठवणाऱ्या व्यापाऱ्याने तो कुणाला विकावा, यावर त्या कलमात काही नव्हतं. रस्ते थोडे असतात, सरकारी जमिनीतून जातात, स्पेक्ट्रम लिलावातून मिळतो. दुकानं मात्र लाखो असतात. एक बंद झालं तर दुसऱ्यात जा. वर्तमानपत्राला, साइटला, निर्मात्याला तटस्थ राहायला सांगणं म्हणजे त्याच्या लेखणीत हात घालणं.

हे म्हणणं मला बव्हंशी पटतं. म्हणूनच माझी मागणी अगदी अरुंद आहे. कंटेंटवाल्याने काय दाखवावं, कशाला वर ठेवावं, किती पैसे घ्यावेत, यात ट्रायने पडूच नये. सर्च इंजिन कुणाला पहिल्या पानावर ठेवतं, अ‍ॅपच्या दुकानात कमिशन किती, हे तंटे खरे आहेत. २०२२ च्या ऑक्टोबरात स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या धोरणांवरून गुगलला ९३६ कोटींचा दंड लावला तो त्यातलाच. पण ते आयोगाचं घर, त्याला तिथेच राहू द्या. सगळंच नेट न्यूट्रॅलिटीच्या गाठोड्यात बांधायला गेलात तर गाठोडं उचलणार नाही.

आमच्या गावात मांडवीजवळ सेंट्रल लायब्ररी आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर सार्वजनिक वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं, त्याचा हा मुख्य खांब. खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या जायच्या. त्या जाळ्यात कुठली पुस्तकं घ्यायची हे ग्रंथपाल ठरवायचा आणि त्यात त्याची आवडनिवड असणारच. पण जुन्या शहराला चार दरवाजे, लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट, आणि चारही रस्ते मांडवीला येऊन मिळतात. गेंडीगेटकडून आलेल्याला कपाट बंद आणि लहेरीपुऱ्याकडून आलेल्याला उघडं, असं तिथे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. माझी मागणी एवढीच आहे. दुकानाने भाव ठरवावा, माल ठरवावा, शटर कधी उघडायचं तेही ठरवावं. कुठल्या रस्त्याने आलात हे विचारून शटर पाडू नये.

याच्या जोडीला एक सावधगिरीची सूचना, आणि ती माझ्याच जातभाईंबद्दल आहे. 'कंटेंटवाल्यांनाही नियम हवेत' असं सध्या सगळ्यात मोठ्या आवाजात मोठ्या मोबाइल कंपन्या आणि त्यांची संघटना बोलतायत. त्यांना हवी आहे ती 'फेअर शेअर'. म्हणजे जी अ‍ॅपं जास्त डेटा ओढतात त्यांनी नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यावा. माझ्या पत्राचा उपयोग कृपा करून त्या कामी होऊ देऊ नका. व्हिडिओ पाहणारा माणूस डेटाचे पैसे आधीच भरतो. काकू मला दरमहा भरतात. त्याच पॅकेटसाठी पलीकडच्याकडूनही पैसे घ्यायचे म्हणजे एकाच पार्सलचं भाडं पाठवणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून वसूल करणं. दक्षिण कोरियात हा प्रयोग झाला. नेटफ्लिक्स आणि एसके ब्रॉडबँड कोर्टात गेले, २०२३ मध्ये समेट झाला. ट्विच या कंपनीने तर नेटवर्कचा खर्च झेपत नाही म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये तो देशच सोडला. आणि समजा आपल्याकडे टोल लागलाच, तर तो सातशे घरांच्या केबलवाल्यापर्यंत पोचेल असं वाटतं आपल्याला? तो वरच्यावर वाटला जाईल. मग पैसे भरणारा अ‍ॅपवाला म्हणेल, ज्यांना मी पैसे दिले त्यांच्या ग्राहकांना माझं चित्र लख्ख, बाकीच्यांना चालेल तसं. म्हणजे ज्या दुखण्यावर मी औषध मागतोय तेच कायद्याने पसरणार.

आता दोन गोष्टी अशा, ज्या दिल्लीत बसून दिसत नाहीत. मोठ्या शहरातल्या मोठ्या आयएसपीलाही (इंटरनेट देणाऱ्या कंपनीलाही) कदाचित दिसत नसतील.

पहिली कॅशेची. मोठ्या व्हिडिओ कंपन्या आपल्या लोकप्रिय फायलींच्या प्रती आयएसपीच्याच खोलीत सर्व्हर ठेवून साठवतात. त्यामुळे काकूंची मालिका दूरच्या सर्व्हरवरून न येता गावातूनच येते. चांगली सोय आहे. मात्र सर्व्हर कुणाला द्यायचा हे ती कंपनी ठरवते आणि त्यासाठी ट्रॅफिक एका पातळीच्या वर लागतं. आम्ही त्या पातळीला कधीच पोचत नाही. मग आमचं ट्रॅफिक वरच्या कंपनीकडून विकत घेतलेल्या लिंकवरून मुंबईला जाऊन परत येतं आणि संध्याकाळी साडेनऊला, सगळे जेवून बसले की, गोल फिरायला लागतं. आपल्या २०१७ च्या शिफारशींनी अशा वितरण जाळ्यांना तटस्थतेच्या नियमाबाहेर ठेवलं. ते तेव्हा मला योग्य वाटलं होतं, आजही पूर्ण चूक वाटत नाही. स्वतःच्या पैशाने सर्व्हर घेऊन तो कुणाच्या खोलीत ठेवायचा यावर सक्ती कशी करणार? पण निकष जाहीर करायची सक्ती तर करता येईल. इतकं ट्रॅफिक असेल तर सर्व्हर मिळेल, नसेल तर अमुक शहरातल्या एक्स्चेंजवर (जिथे नेटवर्कं एकमेकांना जोडतात) येऊन जोडून घ्या. आमच्यासारखे पाच-दहा छोटे एकत्र आले तर एक सर्व्हर मिळेल का, हे विचारायला तरी जागा हवी. आत्ता ई-मेल पाठवायचा आणि विसरायचं, एवढंच चालतं.

दुसरी गोष्ट याहून बारीक. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते, आयपीव्ही४, संपल्यात जमा आहेत. छोट्या आयएसपीकडे ते मूठभर असतात, म्हणून आम्ही एका पत्त्यामागे पन्नास-शंभर घरं बसवतो. बाहेरच्या साइटला ती शंभर घरं एकच माणूस वाटतात. मग ती म्हणते, हा एकटा इतक्या वेळा येतोय म्हणजे यंत्र असणार. आणि आमच्या ग्राहकांना ट्रॅफिक सिग्नलची चित्रं ओळखत बसावं लागतं, कधी पानच उघडत नाही. एका शिक्षिकेला परीक्षेचा फॉर्म भरताना हा त्रास झाला. शेवटी तिने शेजाऱ्याच्या मोबाइलचा हॉटस्पॉट घेतला आणि पुढच्या महिन्यात आमचं कनेक्शन सोडलं. यात कुणाचं कपट नाही. सुरक्षेसाठी अशी तपासणी लागतेच, मी ती बंद करा असं म्हणणार नाही. आम्हीही आयपीव्ही६ वर जायला हवं, मुलगा सहा महिन्यांपासून 'पुढच्या महिन्यात' म्हणतोय. पण नियम लिहाल तेव्हा कपटाने दार लावणं आणि चोराच्या भीतीने साखळी घालणं यांत फरक ठेवा. साखळी घालणाऱ्याने निदान तक्रारीला उत्तर द्यावं, एवढंच त्याच्यावर बंधन असू द्या.

प्रश्न उरतो अधिकाराचा. आपले अधिकारी म्हणतील, आमचा हात परवान्यापर्यंत पोचतो, अ‍ॅपवाल्याकडे परवानाच नाही. अ‍ॅपवाले माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली येतात, २०२१ च्या नियमांनी व्हिडिओवाले माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे पाहतात. बरोबर. पण २०१६ च्या आपल्याच नियमातलं तिसरं कलम पुन्हा वाचा. परवानाधारकाने दरात भेदभाव होईल असा कसलाही करार 'कोणत्याही व्यक्तीशी' करू नये, असं तिथे आहे. फेसबुककडे कुठे परवाना होता? करारातला दुसरा हात आपल्या हातात होता, तोच आपण धरलात आणि फ्री बेसिक्स थांबलं. तेच इथे चालेल. परवानाधारकाने, किंवा त्याच्या मालकीच्या अथवा भावकीतल्या कंपनीने, 'फक्त आमच्या नेटवर्कवर' अशा अटीने कंटेंट घेऊ नये, देऊ नये. एवढ्या एका कलमाने भारतातल्या बहुतेक संभाव्य भानगडी आटोपतील, कारण आपल्याकडे खरा धोका आहे तो रस्ता आणि दुकान एकाच मालकाचं असण्यात.

नेटफ्लिक्ससारखं एकट्याने, कुठल्याही कराराशिवाय केलेलं काम यातून सुटेल, हे मला कळतं. त्यासाठी दुसऱ्या मंत्रालयांशी बोलावं लागेल, कदाचित संसदेत जावं लागेल. प्रसारणाच्या बाबतीत २००४ मध्ये सरकारने एका अधिसूचनेने काम केलं होतं. आता इतकं सोपं नसेल. तोवर निदान उघडपणाची अट तरी आणता येते का पाहा. नेटवर्क पाहून अडवत असाल किंवा चित्र उतरवत असाल तर पडद्यावर मोठ्या अक्षरांत, ग्राहकाच्या भाषेत लिहा. मार्च २०२० मध्ये लॉकडाउनच्या काळात व्हिडिओ कंपन्यांनी मोबाइल नेटवर्कवरचं चित्र ४८०पी या साध्या दर्जापर्यंत खाली आणलं होतं. ते जाहीर करून केलं, सगळ्या नेटवर्कांसाठी सारखं केलं, आणि माझ्या आठवणीत कुणी ओरडलं नाही.

आणि हे सगळं मोठ्यांपुरतं ठेवा. माझा एक मित्र आहे, बडोद्याच्या जुन्या मराठी घराण्यांच्या वंशावळी आणि मोडीतली कागदपत्रं स्कॅन करून साइटवर टाकतो. दिवसाला तीस माणसं येतात, त्यातला मी एक. त्याच्यावर फॉर्म, नोंदणी, अनुपालन अहवाल वगैरे आलं तर तो साइट बंद करून टाकेल आणि कागद परत कपाटात जातील. टीव्हीच्या दरांची चौकट आठवा. २०१७ च्या नियमांत वाहिनीमागे वाहतुकीचे २० पैसे, एचडीला ४० पैसे इतक्या बारकाईने लिहिलेलं होतं, तरी आजही दहातल्या आठ गिऱ्हाइकांना आपलं केबलचं बिल वाचता येत नाही. नियम एका पानाचा असावा. काकूंना फोनवर वाचून दाखवता आला पाहिजे.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हाचं एक सांगतो आणि थांबतो. तीन दिवस आमचं फायबर पाण्यात, वीज गेलेली. आमच्या भागात एकाच मोबाइल कंपनीचा टॉवर धुगधुगी धरून होता. ज्यांच्याकडे तिचं सिम होतं त्यांच्या ओट्यावर शेजारीपाजारी जमायचे. धरणातून किती पाणी सोडलं, मगर कुठल्या सोसायटीत शिरली, सगळ्या बातम्या त्या एका फोनवर. लोक मिळेल त्या वायरीने जायचा प्रयत्न करत होते आणि सुदैवाने पलीकडच्या कुठल्याही दाराने त्यांना वायर विचारली नाही. तसा नियम होता म्हणून नव्हे, कुणाला तेव्हा सुचलं नाही म्हणून.

या विषयावर आपण सल्लामसलतीचा कागद काढलात तर लेखी म्हणणं मुदतीत पाठवीन, या वेळी स्वतः टाइप करून. खुली चर्चा बहुधा दिल्लीतच होते. एकदा अहमदाबादला ठेवलीत तर मी सकाळच्या गाडीने येतो. काकूही यायचं म्हणतायत. त्यांना तो सामना शेवटपर्यंत दिसला नाही आणि तो राग अजून गेलेला नाही.

आपला,
दांडिया बाजारातला एक जुना केबलवाला
बडोदे